कलमताई

छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात ती सोळा वर्षं फर्म्यांना, म्हणजे छापून आलेल्या मोठ्या कागदांना, घड्या घालत होती. हात कामात, डोळे वाचनात. औषधांची माहितीपत्रकं, भूगोलाची पुस्तकं, समोर येईल ते वाचायची आणि घरी नवऱ्याला ऐकवायची. नवरा बसचालक. दिवसभर हॉर्न ऐकून आलेला, त्यामुळे हेही मुकाट ऐकून घ्यायचा.

एकदा माणसाच्या हक्कांवरची पुस्तिका छपाईला आली. घडी पडेपर्यंत फर्म्यातली पानं उलटसुलट असतात, म्हणून तिला हक्कही उलटसुलटच कळले. विश्रांतीचा आधी, जगण्याचा मागाहून. त्या संध्याकाळी घरी ती ऐसपैस पाय पसरून बसली.

"आज चहा तुम्ही करा. कलम चोविसावं."

त्याने केला. साखर घालायला विसरला, पण त्यावर कलम सापडलं नाही.

छापखान्यात मात्र घोडं अडलं. बायकांच्या संडासाची किल्ली मॅनेजरच्या खणात असायची. मागायला गेलं की सगळ्या मशीनवाल्यांदेखत तो विचारायचा, "मघाशीच गेला होतात ना?" त्या लाजेपायी खात्यातल्या आठही जणींनी पाणी पिणंच कमी केलं होतं. त्याच आठवड्यात त्यांच्यातली सगळ्यांत धाकटी, सहा महिन्यांची गरोदर, भोवळ येऊन कागदाच्या थप्पीवर कोसळली. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता पोरीने.

तिला घरी पोचवून आल्यावर ही त्या पुस्तिकेचा फर्मा घेऊन तडक मॅनेजरपुढे उभी राहिली. पाठ केलेला कलमाचा आकडा ती ऐनवेळी पार विसरली.

"साहेब, प्रत्येक माणसाला मान मिळायला हवा, असं यात आहे. आपणच छापलंय."

"छापलंय गिऱ्हाइकासाठी," मॅनेजर चष्मा पुसत म्हणाला. "आपल्यासाठी नाही."

मागे मशीनवाले फिदीफिदी हसले. कोणीतरी "कलमताई!" म्हणालं, आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

जागेवर येऊन ती रागारागात दोन पेले पाणी प्यायली. ते पिता पिताच तिला सुचलं.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या सातही जणी पोटभर पाणी प्यायल्या. जी उठेल ती रद्दीच्या चिठ्ठीवर लिहून न्यायची : 'मला लघवीला जायचे आहे. किल्ली मिळावी.' खाली तारीख, वेळ, सही. "आणि पोच म्हणून तुमचीही सही द्या, साहेब." जेवणाच्या सुट्टीपर्यंत सव्वीस चिठ्ठ्या झाल्या. मॅनेजर सह्या करून मेटाकुटीला आला.

तिसऱ्या दिवशी मालक कसलासा कागद शोधत आले आणि त्यांच्या हाती तो गठ्ठा लागला. चार-पाच चिठ्ठ्या वाचेपर्यंत त्यांचे कान लाल झाले.

"काय आहे हे?"

कलमताई पुढे झाली. "अर्ज आहेत. ती पोर परवा पडली, ती या किल्लीपायीच."

मालकांनी खणातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

मग बायकांना अर्जांची चटकच लागली. महिन्याभरात संडासाच्या दाराला आतून कडी आली, मागोमाग पाठ टेकायला खुर्च्या. मशीनवालेही हसायचे थांबले, कारण त्यांनाही खुर्च्या हव्या होत्या.

एका दुपारी मॅनेजर स्वतः बाइंडिंगमध्ये आला. बराच वेळ उगाच फर्मे चाळत राहिला.

"ताई, ते रजेचं कलम कितवं हो? दोन वर्षं झाली, मालक मला रजाच देत नाहीत."

तिने स्टूल पुढे सरकवलं. "बसा. अर्ज तुम्ही लिहा, शुद्धलेखन मी बघते."

तेवढ्यात त्याने हळूच विचारलं, "पण पोच मागावी लागेल का?"

"तीन प्रती काढा," ती म्हणाली.