नेवासा फाट्यावरचे काटेवाले

नेवासा फाट्यावर रसवंत्यांची ओळ संपते, तिथं छगनचं पत्र्याचं गॅरेज आहे. पाटीवर ‘ऑटो इलेक्ट्रिक’ लिहिलंय, पण जुन्या मोटारी बाळगणाऱ्या हौशी लोकांत ते ‘काटेवाल्यांचं गॅरेज’ म्हणूनच माहीत होतं. पेट्रोलची टाकी रिकामी आणि काटा अर्ध्यावर, नाहीतर टाकी भरलेली आणि काटा तळाला, असं झालं की बाकीचे मेकॅनिक हात झटकत. ‘काठी बुडवून बघत जा,’ म्हणत. छगन आणि भागवत तसं कधी म्हणाले नाहीत. वायरिंग छगनचं, टाकी भागवतची, अशी त्यांची वाटणी होती. दोघं एकाच शाळेतून नववीला बाहेर पडले, नगरला एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले, आणि गॅरेजही दोघांनी मिळूनच टाकलं.

अकरा वर्षांपूर्वी भागवतचे डोळे गेले.

ते कसे गेले हे भागवत स्वतःच येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. जुन्या गाडीच्या टाकीत एक पितळी फ्लोट असतो, आतून पोकळ, लिंबाएवढा. पेट्रोलवर तो तरंगतो, आणि तो वर-खाली होईल तसा पुढचा काटा हलतो. त्याला बारीक भोक पडलं की आत पेट्रोल शिरतं, फ्लोट बुडतो आणि काटा तळाला बसतो. भोक बुजवायला कथलाचा डाग द्यायचा. पण त्याआधी फ्लोट उकळत्या पाण्यात ठेवून आतलं पेट्रोल पार घालवावं लागतं. थोडं जरी राहिलं, तरी डाग देताना फ्लोट फुटतो.

“नवरदेवाची गाडी हुती, वऱ्हाड खोळंबलं हुतं,” भागवत सांगायचा. “छगननं उकळून दिला, पन कानाशी हलवून बघायचं काम माझं. म्या घाई केली. ती मलाच नडली.”

छगन अशा वेळी पाठ फिरवून पेटीतला पाना शोधू लागे.

खरं काय झालं ते त्याला एकट्याला माहीत होतं. स्टोव्हवरच्या पातेल्यात फ्लोट त्यानंच टाकला होता. चार बुडबुडे आले. बाहेर नवरदेवाचा मामा हॉर्नवरचा हात काढत नव्हता. पाण्याला धड उकळी फुटायच्या आत छगननं चिमट्यानं फ्लोट उचलला, फडक्यानं पुसला आणि भागवतला दिला. “चांगला अर्धा तास उकळलाय. दे डाग,” म्हणाला. पितळेचा तुकडा आणि वितळलेलं कथील भागवतच्या तोंडावर उडालं. एक डोळा जागीच गेला. दुसरा महिनाभर डॉक्टरांनी धरून ठेवला, मग तोही गेला.

दवाखान्यात तोंडावर पट्ट्या बांधलेला भागवत पहिल्यांदा बोलला ते हेच. “छगन्या, तू बरुबर उकळला हुतास. म्या हलवून बघाया पायजे हुता.” तेव्हाच सांगायला हवं होतं. छगनचं तोंड उघडलं नाही, आणि पुढं वर्षागणिक ते उघडणं अवघड होत गेलं.

त्यानं भागवतला घरी मात्र बसू दिलं नाही. रोज सकाळी मोटारसायकलवर बसवून गॅरेजवर आणायचा, संध्याकाळी सोडायचा. भागवत हातानं चाचपून टाकीचे स्क्रू सोडवायचा, फ्लोट कानाशी धरून हलवायचा आणि आत किती पेट्रोल आहे ते सांगायचा. डाग मात्र छगन नगरला उस्तादाकडून देऊन आणायचा. त्याची बायको बनुबाई छगनला देवमाणूस समजे. नवऱ्याच्या हातून पेला कलंडला, उंबऱ्याला ठेच लागली, की ती म्हणे, “घाईपायी डोळं घालवलं, आता तरी दमानं घ्या.” भागवत ऐकून घ्यायचा. छगनही ऐकायचा.

यंदा फाल्गुनात भागवतच्या मुलीला, रुपालीला, शेवगावहून स्थळ आलं. बघायच्या दिवशी घरचा माणूस म्हणून छगनही बैठकीला होता. पोहे झाले, पत्रिकेचं बोलणं झालं, तेव्हा मुलाच्या चुलत्यानं विचारलं, “डोळं जन्मापासूनच गेल्यात का?”

“न्हाई,” भागवत म्हणाला. “कामावर गेलं. माझीच चूक झाली.”

“म्हंजी हलगर्जीपना.” चुलत्यानं ताटली खाली ठेवली. “तुमी राग धरू नका पावनं, पन घरात जे वळन आसतं तेच पोरीत उतरतं.”

रुपाली चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. छगनला एक वाक्य बोलायचं होतं. चहा हातात आला, तसं ते त्यानं घोटाबरोबर गिळलं. दोन दिवसांनी फोनवर नकार आला.

त्याच आठवड्यात राहात्याचे आबासाहेब त्यांची फियाट घेऊन आले. आबासाहेब निवृत्त मास्तर, गाडी त्यांच्या वडलांची. टाकी काठोकाठ भरली तरी काटा तळाला, अशी तक्रार. छगननं टाकीवरची वायर काढून बॉडीला टेकवली. काटा सरसर दुसऱ्या टोकाला गेला. म्हणजे काटा शाबूत आणि वायरही शाबूत. मग टाकीचं अर्थिंग घासून साफ केलं, तरी फरक पडला नाही. दोष आतच होता. भागवतनं स्क्रू काढले, फ्लोट बाहेर घेतला आणि कानाशी हलवला.

“हाय. निम्मा भरलाय.” मग आबासाहेबांच्या आवाजाकडं तोंड करून त्यानं नेहमीचं सुरू केलं. “मास्तर, ह्येच म्या त्या दिशी केलं आसतं तर… माझी घाई. आता लेकीच्या आड यायला लागली बघा.”

“गप, भागवत,” छगन म्हणाला.

“का रं?”

“तो फ्लोट म्या उकळलाच न्हवता.”

भागवतचा हात कानाशीच राहिला.

“पाच मिंटंसुदीक न्हाई. पानीबी उकळलं न्हवतं. ते हॉर्न वाजवत हुते, म्हून काढला. अर्धा तास म्हनलो ते खोटं म्हनलो.”

आबासाहेब उठले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. भागवतनं फ्लोट टेबलावर ठेवला. तो घरंगळू लागला, तसा त्यानं तळहातानं दाबून धरला.

“आन् ह्ये अकरा वर्सं तुला ठावं हुतं?”

“व्हय.”

“दवाखान्यातबी?”

“व्हय.”

भागवत काठी चाचपत उठला. “मला घरी सोड. आन् बनीला तुझ्या तोंडानं सांग. माझ्याच्यानं हुयाचं न्हाई.”

वाटेत मोटारसायकलवर रोज तो छगनच्या खांद्याला धरायचा. त्या दिवशी त्यानं मागचं कॅरियर धरलं.

बनुबाई पडवीत बाजरी पाखडत होती. छगननं उभ्या उभ्याच सांगितलं, एकही शब्द न गाळता. ती अंगावर धावून येईल, शिव्या देईल, चप्पल उगारेल, या सगळ्याची त्यानं तयारी केली होती. तिनं सूप खाली ठेवलं. छगनकडं तिनं पाहिलंच नाही.

“म्या ह्यांस्नी रोज बोलले,” ती म्हणाली. “जेवताना बोलले. आजारात बोलले. पोरीदेखत बोलले.” आणि ती स्वतःच्याच तोंडात मारून घेऊ लागली, एकामागून एक. भागवत “बने, आगं बने” करत तिचे हात धरायला पुढं झाला, पण त्याला ते सापडेनात. रुपालीनं येऊन आईचे हात धरले.

“काका, तुम्ही जा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला छगन दारात जाऊन उभा राहिला. कडी आतून होती. त्यानं दोनदा हाक मारली, मग गॅरेजवर आला, आबासाहेबांचा फ्लोट पाऊण तास उकळला आणि पहिल्यांदाच स्वतः डाग दिला. डाग ओबडधोबड बसला, पण काटा बरोबर चालू लागला. आबासाहेब गाडी घेऊन गेले. जाताना त्यांनी नमस्कार केला, छगनकडं न बघता.

उन्हाळा संपायच्या आत भागवतचं बिऱ्हाड पाथर्डी तालुक्यात बनुबाईच्या माहेरी गेलं. रुपालीनं तिथं एका कापड दुकानात काम धरलं, असं कुणीतरी सांगितलं. छगननं फोन केले. बनुबाई उचलायची. “ते झोपल्यात,” म्हणायची, मग भरदुपार असो की सकाळचे दहा.

दिवाळीनंतर तो एसटीनं गेला. भागवत ओट्यावर शेंगा फोडत बसला होता. अंगानं पार वाळला होता.

“कोन?”

“मी. छगन.”

शेंगा फोडणारी बोटं थांबली नाहीत. “बस,” तो म्हणाला.

बनुबाईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत गेली. छगन बसला. बोलायचं ते त्यानं एसटीत ठरवलं होतं, चारदा मनात घोळवलं होतं. त्यातलं काहीच इथं बोलण्यासारखं वाटेना. टरफलांचा ढीग वाढत गेला.

“परतीची यष्टी कवा हाय?” भागवतनं विचारलं.

“साडेचारला.”

“मंग निघ आता. चुकंल.”

छगन उठला. अजून तीनही वाजले नव्हते.