जाळ्यातला भोवत्या

माझी मोठी बहीण खापरखेड्याच्या कॉलनीत राहते. तीस वर्षं नर्स होती. मी शहरात, सदरला चष्म्याच्या दुकानात कामाला. हिवाळ्यातल्या रविवारी मी तिच्याकडे जाते आणि उजाडता उजाडता आम्ही दोघी दुर्बीण घेऊन तलावावर पाखरं बघत बसतो.

त्या दिवशी पाणी चांदव्यांनी काळं झालं होतं. पाणकोंबडीएवढा काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. एकदम सगळे एकमेकांना चिकटून गोळा झाले. वर दलदली भोवत्या फिरत होता, तपकिरी, घारीएवढा. तीनदा खाली आला, तीनदा चांदव्यांनी पाणी उडवून त्याला हुसकावलं. चौथ्यांदा त्याने कडेचा एक धरला आणि उथळ पाण्यात त्याच्यावर बसून राहिला. चांदव्याचं डोकं वर येई, भोवत्या पुन्हा दाबी. मी दुर्बीण खाली केली. ताईने नाही केली.

शिकार घेऊन तो जड उडाला आणि लव्हाळ्यापाशी हवेतच अडकला. कोणीतरी बदकांसाठी बारीक नायलॉनचं जाळं लावलं होतं. चांदवा खाली पडला. भोवत्या जितका धडपडे तितका आवळला जाई.

मी चिखलात उतरले.

"काहून वं, वेडी झाली का?" ताई ओरडली.

मी त्याच्या पंखाला हात घातला आणि त्याने माझ्या तळहातात नख्या रुतवल्या. मी किंचाळले. हात ओढला तशा त्या आणखी आत गेल्या. ताई गुडघाभर पाण्यात आली, ओढणी त्याच्या डोक्यावर टाकली. "हात हलवू नको. मी त्याचा पाय सरळ करून राहिली." पाय लांब होताच पकड सुटली. मग ती खिशातल्या कात्रीने जाळं कापू लागली.

तेवढ्यात जाळंवाला आला. हातात कोयता.

"माह्यं जाळं कापून राहिली का? सरक! त्याची मानच तोडतो!"

ताई सरकली नाही. त्याने तिची वेणी धरून तिला मागे खेचलं आणि कोयता उचलला. माझ्या गळ्यात दुर्बीण होती, ती मी ओढून काढली. मी पट्ट्याला धरून गरकन फिरवली आणि त्याच्या भुवईवर हाणली. कोयता पाण्यात पडला. तो दोन्ही हातांनी तोंड धरून खाली बसला. मी पुन्हा मारलं.

"बस!" ताई म्हणाली.

ताईने शेवटचा धागा कापला. भोवत्या पाण्याला घासत गेला, मग उचलला गेला. जाळ्यात सहा बदकंही होती. चार जिवंत निघाली.

ताईने तीच चिखलाची ओढणी पिळून जाळंवाल्याच्या भुवईवर दाबली. "टाके लागतीन. चाल." तो उठला. तिच्या स्कूटरवर आम्ही तिघं दवाखान्यात गेलो, तो मधे, मी मागे, त्याचं रक्त माझ्या स्वेटरवर.

धनुर्वाताच्या सुईसाठी त्याला आणि मला एकाच बाकावर बसवलं. तो हळूच म्हणाला, "बाई, मी पडलो म्हणून सांगतो. तुम्ही जाळ्याचं नका सांगू."

मी मान डोलावली. डॉक्टरांना म्हणाले, हाताला काटेरी तार लागली.

त्या दोन फटक्यांबद्दल ताईने मला कधी काही विचारलं नाही. पहिला फटका तिच्यासाठी होता, हे तिला ठाऊक आहे. दुसरा मारताना मला बरं वाटलं होतं. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.