रामोनचं पहिलं जेवण

दर सोमवारी सकाळी मी नाशिकच्या माझ्या घरात बसून देशोदेशीच्या नव्या माणसांना कंपनीत रुजू करून घेते. आमच्या कंपनीला ऑफिस नाही. लॅपटॉप कुरिअरने घरी पोचतो. मुलाखत, ओळख, नियम, सगळं पडद्यावरच उरकतं. ‘तुमचं स्वागत आहे’ हे वाक्य इतक्यांदा म्हणून झालंय, की आता नुसते ओठ हलतात.

त्या सोमवारीही सगळे निरोप घेऊन गेले, पण पडद्यावर एक चेहरा राहिला. मनिलाचा रामोन. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग.

“काही अडलंय का?” मी इंग्रजीत विचारलं.

“नाही. इथे जेवायची वेळ झाली,” तो संकोचून म्हणाला. “जुन्या ऑफिसात आम्ही सगळे एकत्र बसायचो. इथे कुणाबरोबर बसायचं?”

 मी स्वतः शेवटची कुणाबरोबर बसून जेवले, तेही आठवेना. इतके दिवस मला वाटत होतं, रोज जाणवणारा हा शीण कामाचा आहे.

“थांबा जरा,” मी म्हटलं. सकाळचे पोहे ओट्यावर झाकलेले होते, ते घेऊन आले. त्याने भात आणि तळलेला मासा आणला. आम्ही आपापल्या पडद्यासमोर बसून खाऊ लागलो.

“ते पिवळं काय आहे?” त्याने विचारलं.

“पोहे. गार झालेत.”

“रोज असेच खाता?”

“रोज असेच टाकून देते,” मी म्हटलं आणि पुढचा घास घेतला.