दोन कुलुपं आणि रत्नाबाईंचा नियम

मिरजेकडच्या रत्नाबाई मगदूम यांचा एक नियम होता. मूर्तीचं दर्शन घेतल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. बाराव्या वर्षी मुनिमहाराजांसमोर घेतलेला हा नियम त्यांनी ना बाळंतपणात मोडला, ना तापात. नवरा गुंडू ड्रायव्हर म्हणून बहरीनला आला आणि १९७७ साली त्याही आल्या, पार्श्वनाथाची वीतभर पितळी मूर्ती साडीत गुंडाळून.

बाब अल बहरीन या बाजाराच्या वेशीमागच्या गल्लीत त्या डबे करून देत. सकाळी देवाला हात जोडायचे, मग चहा. दोन वर्षं सुखात गेली. मग शहाण्यांना समाज काढायची हुक्की आली. "एकट्याच्या घरात देव कशाला? सगळ्या जैनांचा एकच देव्हारा करू," असं म्हणत बँकेतले राजन दोशी आले. सोन्याच्या दुकानाचे हसमुखभाईही आले. बाई भोळी, तिनं मूर्ती देऊन टाकली. हसमुखभाईंच्या दुकानावरच्या खोलीत ती बसवली आणि रत्नाबाई रोज तिथं जाऊ लागल्या.

हसमुखभाई श्वेतांबर. त्यांच्यात मूर्तीला काचेचे टपोरे डोळे लावतात. पर्युषणात त्यांनी ते लाखेनं चिकटवले. दोशी दिगंबर. वीतरागाला असले डोळे कसले, म्हणत त्यांनी ते चाकूनं खरवडून काढले. पुन्हा लागले, पुन्हा निघाले. ऑफिसात साहेबापुढे ब्र न काढणारी ही माणसं देवापुढे मात्र वाघ झाली. शेवटी दोघांनी दाराला आपापलं कुलूप ठोकलं. अपरिग्रहावर तास तास बोलणारे हे लोक, आणि भांडण कशावरून, तर दुसऱ्याच्या मूर्तीवरून!

सोमवारी रत्नाबाई दोन कुलुपं बघून परत आल्या. डबे भरले, स्वतः फक्त उकळलेलं पाणी प्यायल्या आणि दोशींकडे गेल्या.

"मी उघडतो हो, पण आधी त्यांनी उघडायला हवं."

हसमुखभाई म्हणाले, "पहले वो खोलें, फिर हम. शुक्रवारला मीटिंग छे ने, बेन."

"फोटू बघून खा की गं," गुंडू रात्री काकुळतीला आला.

"नियम मूर्तीचा हाय. फोटूचा न्हाई."

बुधवारी त्या शेगडीसमोर भोवळ येऊन पडल्या आणि गावभर बोभाटा झाला. मग काय विचारता! दिगंबर म्हणाले, मूर्तीचे डोळे निघावेत म्हणून बाईंनी तप मांडलंय. श्वेतांबर म्हणाले, डोळे लागावेत म्हणून. दोन्हीकडच्या बायका पाया पडून गेल्या. "अवो, कुलूप काढा तेवढं," रत्नाबाई प्रत्येकीला सांगत होत्या. जी ती "धन्य, धन्य!" म्हणून जात होती. असल्या भक्तीला काय जाळायचंय?

शुक्रवारी मीटिंग झाली. दोन पंथांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि ठराव पास झाला, की रत्नाबाईंचा सत्कार करायचा. सगळी वरात त्यांच्या घरी आली. शाल, हार, पारण्यासाठी चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी.

"किल्ल्या?" रत्नाबाईंनी विचारलं.

"तो विषय पुढच्या शुक्रवारी घेतलाय," दोशी म्हणाले. "आधी पारणं होऊ द्या."

रत्नाबाई भिंतीला धरून उठल्या. डब्यांसाठी केलेल्या भाकऱ्यांतली एक त्यांनी उचलली, वर शेंगदाण्याची चटणी घेतली आणि सगळ्यांच्या देखत घास तोंडात घातला.

"अहो, दर्शन झालं नाही! नियम!" दोशी ओरडले.

"नियम तुमी मोडलासा, मी न्हवं. आता उठा. मला पोटभर जेवायचंय."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा देव न बघता त्या जेवत होत्या. डोळ्यांतलं पाणी खळेना, तरी चावत राहिल्या. दोन्ही पंथ शाल धरून तसेच उभे होते. किल्ल्या दोघांच्याही खिशात होत्या.