साखर आहे की नाही

काकांनी गोठवलेल्या संत्र्याची फोड जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचं बोट वर करायचं. ते खाली येईपर्यंत आमच्या ऑफिसात कोणी बोलायचं नाही. मग निकाल यायचा. "याले साखर पाजली आहे."

आमचं काम परदेशी जाणाऱ्या मालाचे कस्टमचे कागद करण्याचं. गोठवलेली फळं, काजू, असला माल. साखर घातलेल्या फळाला एक क्रमांक, न घातलेल्याला दुसरा, आणि क्रमांक चुकला की माल बंदरात अडकतो. कारखानदाराच्या शब्दावर काका कधी विसंबले नाहीत. ऑफिसात सगळे त्यांना काकाच म्हणायचे.

त्यांची एक तक्रार कायमची होती. "स्ट्रॉबेरीले स्वतःचं घर, अन् आपल्या काटोलच्या संत्र्याले 'इतर'मंदी कोंबलं. काहून साहेब?" जणू जगभराच्या मालाची ही क्रमांकांची यादी आमच्या साहेबांनीच केली होती. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल.

मग घशाचा आजार निघाला. रेडिएशनचे शेक घेऊन परतले तेव्हा आवाज बसला होता, बाकी थाट तोच. पहिल्याच नमुन्याला बोट वर गेलं. "साखर नाही," म्हणाले. मीही एक फोड चाखली होती, ती चक्क पाकात मुरलेली होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि समजायचं ते समजले.

"मले काहीच लागून नाही राहिलं वं. साहेबाले सांगू नको. घरी बसवतीन, अन् घरी मी काय करू?"

घरी त्यांचं कोणी नव्हतं.

तेव्हापासून मी चाखायची आणि काका माझ्या तोंडाकडे बघायचे. मी बोलायच्या आत निकाल तेच द्यायचे, आणि तो बरोबर असायचा. मला सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं. इतकं लक्ष देऊन माझ्याकडे माझ्या घरातही कोणी बघत नव्हतं.

दुखणं उलटलं. दवाखान्यात शेवटचं भेटायला गेले तेव्हा संत्रं नेलं होतं. त्यांना गिळता येत नव्हतं.

"तू खा. मी पायतो."

मी फोड तोंडात टाकली. डॉक्टरांनी हात टेकल्यापासून मी नुसती जात-येत होते, जेवत होते, कशाचं काही वाटत नव्हतं. संत्र्याचंही वाटलं नाही. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. निकाल काही येईना.

"तुलेबी नाही लागून राहिलं?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग आता कोण सांगन?"

काकांना जाऊन वर्ष होत आलं. मला अजून रडू आलेलं नाही. त्या दिवशी दवाखान्यात मी दुसरी फोड तोंडात टाकली, आणि ते माझ्याकडे बघत राहिले.