रजेच्या अर्जातली खोडलेली ओळ

माझ्या दोघा नातवंडांनो,

हे पत्र मराठीत आहे याचं तुम्हाला नवल वाटेल. तुमच्या वाढदिवसाची पत्रं मी नेहमी इंग्रजीत लिहिली. पण इंग्रजीत नीटनेटकं लिहायची मला इतकी सवय आहे की त्यात माझी चूकसुद्धा नीटनेटकी दिसेल. एखादा शब्द अडला तर मला विचारा. आईला विचारू नका.

आत्ताच का लिहिते आहे, तेही सांगते. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर, थोरल्या, तू म्हणालास की या सुट्टीत तुला गेम बनवणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं आहे. मला आनंद झाला. मग तू म्हणालास, "आजी, मी पहिल्याच दिवशी विचारणार आहे, घरी कुणी आजारी पडलं तर तुम्ही काय करता. आईच्या कंपनीसारखी नको मला. आजोबांची वाचा गेली आणि त्या लोकांनी तिला रजासुद्धा दिली नाही." मागून धाकटी ओरडली, "हार्टलेस लोक!" तुमची आई शेजारीच वाटाणे सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. मग तुम्ही मला अंगणातली खार दाखवायला लागलात.

तिला रजा नाकारली गेली हे खरं नाही. रजा नीट मागितलीच गेली नव्हती, आणि त्याला कारण मी होते. तुमच्या आईने चार वर्षं हे तुम्हाला सांगितलं नाही. ती मला पाठीशी घालत होती, हे मला त्या रविवारी कळलं.

तेव्हा, थोरल्या, तू बारावीत होतास आणि तुझ्यापर्यंत काही पोचू द्यायचं नाही असं घरात ठरलं होतं. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आजोबांना पक्षाघाताचा झटका आला तो सकाळी, पेपर वाचताना. आठव्या दिवशी दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात थोडा लुळा पडला होता, चालणं ठीक होतं, समजत सगळं होतं, फक्त बोलता येत नव्हतं. तुमची आई पुण्याहून लॅपटॉप घेऊन नाशिकला आली. तिच्या कंपनीत परदेशातल्या मोठ्या व्हिडिओ गेमसाठी रस्ते, भिंती, झाडं, पडकी घरं असं सगळं बनवायचं काम चाले. तिच्याकडे एक आख्खं बंदर होतं. गेम बाजारात यायला तीन महिने उरले होते, आणि अशा वेळी तिथे कुणी रजेचं नाव काढत नसे.

शरणपूर रोडवरच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "पहिले तीन महिने फार मोलाचे. रोज सकाळी दोन तास कुणीतरी एकाच माणसाने यांच्यासोबत बसायचं. चित्रं दाखवायची, शब्द काढून घ्यायचा. चुकला तरी चालेल, पण बोलू द्यायचं. सकाळीच. दुपारनंतर यांचा मेंदू थकतो."

ते माणूस मी, हे मी गृहीत धरलं. तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं, शेवटची नऊ मुख्याध्यापिका होते. मी वेळापत्रक केलं, चित्रांची कार्डं केली, त्यांना क्रमांक घातले. पहिल्या दिवशी मी कपाचं चित्र धरलं. ते म्हणाले, "प... पक." मी म्हटलं, "पक नाही, कप. पुन्हा म्हणा. क." त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मी पुन्हा दुरुस्त केलं. चौथ्या दिवशी मी कार्डं घेऊन आले की ते खिडकीकडे तोंड करून बसू लागले.

तुमच्या आईसमोर मात्र ते बोलायचे. ती कार्डं घ्यायचीच नाही. त्यांच्या पलंगावर मांडी घालून बसायची आणि काहीतरी बडबडत राहायची. "बाबा, आज काय खायचं? माझं डोकं सोडून काहीही सांगा." ते हसायचे आणि मधेच एखादा शब्द निसटायचा. एकदा "भात" आला. एकदा "गाढव". ती इतकी खूश झाली की म्हणाली, "कोण, मी की आई?" ते माझ्याकडे बोट करून हसले. मीही हसले, पण मला ते लागलं होतं.

मखमलाबादहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींशीसुद्धा ते बोलत. एक दिवस त्या दारातूनच ओरडल्या, "बाई, साहेब बोलले ना माझ्याशी! मेथी म्हनले. लय साफ!" मी धावत गेले आणि म्हटलं, "म्हणा पाहू पुन्हा, मेथी." त्यांनी तोंड मिटलं. मावशी म्हणाल्या, "तुमी नका ना विचारू त्यास्नी. परीक्षा घेतल्यावानी वाटतं." मी त्यांना पैसे देऊन दार लावून घेतलं.

अडचण अशी होती की कंपनीचा कॉल रोज सकाळी साडेनऊला सुरू व्हायचा आणि साडेअकरा, कधी बारापर्यंत चालायचा. नेमके तेच दोन तास. तुमची आई आतल्या खोलीत हेडफोन लावून बसायची आणि आजोबा बाहेर तिच्या दाराकडे बघत बसायचे. दोन आठवडे असे गेल्यावर ती म्हणाली, "आई, मी दोन महिन्यांची रजा मागते. बिनपगारी दिली तरी चालेल. मेल लिहिलाय, बघ जरा."

आमच्या घराण्यात इंग्रजी कागद माझ्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर जात नसे. सटाण्याच्या दिरांचा बँकेचा अर्ज असो की मनमाडच्या भाचीचा नोकरीचा, सगळे आधी मला आणून दाखवत. तुमची आई चाळिशी ओलांडली तरी तेच करायची. मी मेल छापून घेतला आणि लाल पेन घेऊन बसले.

दीड पानाचा मजकूर होता. मी त्याचा पाच ओळींचा केला. "मी थकले आहे" खोडलं. "मला भीती वाटते" खोडलं. 'इमर्जन्सी' शब्द खोडला, कारण माणूस घरी आला, जेवतो, चालतो, मग इमर्जन्सी कसली? शेवटी माझ्या हाताने जोडलं की परिस्थिती आटोक्यात आहे, आपल्याला सोयीचं असेल तर काही दिवसांच्या सवलतीचा विचार व्हावा, आणि कामात खंड पडणार नाही याची मी काळजी घेईन.

ती वाचून म्हणाली, "आई, ह्यात मी रजा मागितलेलीच नाही."

"मागितली आहेस. सभ्यपणे मागितली आहेस."

"ते लोक सभ्यपणा वाचत नाहीत गं. सरळ लिहिलं तरच कळतं त्यांना."

"अर्जात रडायचं नसतं," मी म्हटलं. हे वाक्य मी शाळेत किती बाईंना ऐकवलं असेल, सांगता येणार नाही. एकीचं मूल तापाने फणफणलं होतं तेव्हाही.

ती दमलेली होती. तिने पाच ओळींचा मेल पाठवला.

आता जे लिहायचं ते इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. थकवा, भीती हे सगळं मी पद्धत म्हणून खोडलं, हे खरं. पण मधली एक ओळ मी सगळ्यांत आधी खोडली होती, आणि पेन इतकं दाबून की कागद फाटला. ती ओळ अशी होती: माझी आई त्यांना दर शब्दाला दुरुस्त करते, त्यामुळे ते तिच्यासमोर बोलणं बंद करतात, ते माझ्याशीच बोलतात, म्हणून मला त्यांच्याजवळ असणं भाग आहे. रजा का हवी याचं खरं कारण तेवढंच होतं. त्या ओळीशिवाय अर्जाला अर्थच उरत नव्हता. पुण्यातल्या कुणा अनोळखी माणसाने माझ्याबद्दल ते वाचावं, हे मला सहन झालं नाही.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. परिस्थिती आटोक्यात आहे हे वाचून बरं वाटलं, आम्ही सगळे एक कुटुंब आहोत, तू नाशिकहूनच काम चालू ठेव. सोबत कुरियरने चॉकलेटची टोपली आली. आजोबांना मधुमेह.

कंपनीला मी धुतल्या तांदळासारखी म्हणत नाही. वडिलांच्या डायलिसिससाठी महिनाभर गावी राहिलेल्या तिच्या एका सहकाऱ्याचं नाव गेमच्या शेवटी येणाऱ्या नामावळीतून वगळलं होतं. दोन वर्षं त्याने त्यावर काम केलं होतं. तुमच्या आईने मला हे सांगितलं तेव्हा, "म्हणजे तू रजा घेतलीस तर तुझंही नाव जाईल?" एवढंच मी विचारलं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आठवते.

आणखी एक राहिलं. महिन्याभराने एका दुपारी ती आजोबांना थेरपीला घेऊन गेली होती आणि फोन घरीच राहिला होता. तो वाजला. तिचा टीमप्रमुख होता, मराठीच, आवाजावरून पस्तिशीचा. म्हणाला, "काकू, ती हल्ली कॉलवर गप्प असते. तिला खरंच थोडे दिवस सोडायला हवं का? मला वर बोलावं लागेल, सोपं नाहीये, पण तुम्ही म्हणत असाल तर बोलतो."

इतकं सरळ त्याने विचारलं होतं. मी म्हटलं, "छे छे, घरी मी आहे ना. काम ते काम. आम्ही अगदी व्यवस्थित सांभाळतो आहोत."

"नक्की ना, काकू?"

"नक्की."

त्याने सुटकेचा निःश्वास सोडलेला मला ऐकू आला. जिला विचारायला हवं तिला सोडून त्याने मला विचारलं आणि मिळालेलं उत्तर त्याला सोयीचं होतं. पण उत्तर माझं होतं. फोन आल्याचं मी तुमच्या आईला सांगितलं नाही.

तिला ते चार दिवसांनी त्याच्याकडूनच कळलं. मी पोळ्या करत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"तू त्याला काय सांगितलंस?"

"जे आहे ते. व्यवस्थित चाललं आहे म्हणून."

"काय व्यवस्थित चाललंय, आई? बाबा तीन दिवस एक शब्द बोललेले नाहीत. तुला माहीत तरी आहे का?"

मला माहीत नव्हतं. माझ्यासमोर ते तसेही बोलत नसत.

"आता परत सांग ना त्याला," मी म्हटलं.

"आता काय सांगू? माझी आई खोटं बोलली म्हणून?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "पोळी करपतेय बघ." आणि आत गेली. साडेतीन महिने ती या घरात होती, त्यात माझ्याशी ती वरच्या आवाजात बोलली ती एवढं एकदाच.

गेम ठरल्या वेळी आला. तिने लॅपटॉप आजोबांसमोर ठेवून त्यांना आपलं बंदर दाखवलं आणि मग शेवटची नामावळी. तिचं नाव आलं. आजोबांनी पडद्यावर बोट ठेवलं, तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. ओठ हलत होते. ती वाट बघत होती. ते किती वेळ थांबले असते, माहीत नाही, कारण मधेच मी ते नाव मोठ्याने, स्पष्ट उच्चारून म्हटलं. त्यांना मदत म्हणून. त्यांनी बोट काढून घेतलं.

थेरपिस्ट बाईंनी पुढे हळूहळू आठवड्यातून एकदाच यायला सांगितलं, मग महिन्यातून. त्या म्हणाल्या की ते दोन तास रोज मिळाले असते तर किती फरक पडला असता हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. माझ्या समाधानासाठी त्या तसं म्हणाल्या असाव्यात. तुमच्या आईने ती नोकरी सोडली, वर्षभरात तुम्ही सगळे तिकडे परदेशात गेलात.

तेव्हा, थोरल्या, पहिल्या दिवशी तुला जे विचारायचं आहे ते जरूर विचार. आणि कधी तुझ्यावर वेळ आली तर अर्ज स्वतः लिही. लांब झाला तरी चालेल. त्यात घरातल्या कुणाबद्दल वाईट लिहावं लागलं तर लिही. माझ्यासारख्या कुणाला तपासायला देऊ नकोस. आईला हे पत्र दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तिची माफी मी वेगळी मागणार आहे, फोनवर नाही. कशी, ते अजून मला जमलेलं नाही.

आजोबा आता सकाळी गॅलरीत बसतात. मीही शेजारी बसते. त्यांना काही हवं असलं की ते तुमच्या आईला घरात ज्या नावाने हाक मारायचे त्याच नावाने मला हाक मारतात, भाजीवाल्या मावशींनाही, पोस्टमनलाही. मी दुरुस्त करत नाही, उठून जाते. त्यांच्याकडे सहा शब्द शिल्लक आहेत: हो, नको, चहा, पाणी, बास आणि ते नाव.