आत्याच्या बर्फाचे प्रोटॉन

माझी आत्या सातपाटीला मासे विकते. कुणी आपलं काम केलं की त्याच्या हाती सरंगा दिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तलाठ्यापासून डॉक्टरपर्यंत कुणी सुटलेलं नाही.

तिच्या डाव्या डोळ्यामागे गाठ निघाली. उपाय प्रोटॉनचा. हे कण गाठीपर्यंत जाऊन आपला बहुतेक जोर तिथेच टाकतात. एका पेशीएवढ्या जागेत ते किती ऊर्जा सोडतात, हे मोजणं माझी नोकरी. मी राहते त्या बोईसरला शेजारणी विचारतात, "हे मोजायला माणूस लागतो?"

आत्याची अट होती, "आदी माज्यासमोर मोज. मंगच मी झोपन त्या टेबलावर."

रविवारी पेशंट नसतात, म्हणून तिला रुग्णालयात घेऊन गेले. उपचाराची खोली दाखवली, ट्रॉलीवरचा प्रोटॉन मोजणारा माझा बोराएवढा पोकळ गोळा दाखवला आणि आम्ही बाहेर पडद्यासमोर बसलो. प्रोटॉन सोडणारं यंत्र बंद होतं, पडदा कोरा हवा होता. पण त्यावर ठोके उमटत होते! मी वायर बदलली, पंखा बंद केला, आमचे आणि यंत्र चालवणाऱ्यांचे मोबाईल बाहेर ठेवले. ठोके चालूच.

आत्याने पदर खोचला. "बंद असून मारतंय? चालू केलं तं डोला र्‍हाईल का? मी चालली घरा."

उपचार टळला तर डोळा जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. कल्ला बघून ताजा मासा ओळखणारी बाई ती, डोळाच गेला तर उरलं काय?

"माजा डबा तं घेऊ दे," म्हणत ती आत गेली आणि ट्रॉलीच्या खालच्या फळीवरून थर्माकोलचा डबा उचलला. इकडे पडद्यावरचे ठोके थांबले.

डब्यात यंत्रवाल्यांसाठी आणलेले सरंगे होते. ही खोली गार म्हणून तिने तो तिथे सरकवलेला. बर्फ वितळून घसरला की ट्रॉली हलायची आणि माझा गोळा तो धक्का प्रोटॉन म्हणून मोजायचा.

"आत्या, सकाळपासून मी तुझा बर्फ मोजतेय!" मी ओरडले.

"बर्फ हाललेला बी कलतो त्याला?"

"कळतो!"

"मंग बरा हाय. झोपते मी."

मोजायचं यंत्र वेगळं, उपचाराचं वेगळं, हे मी पुन्हापुन्हा सांगितलं. ती सरंगे वाटण्यात गुंग होती.

उपचार झाले. परवा बोईसरच्या बाजारातून सरंगा घेऊन तिच्याकडे गेले. तिने उजवा डोळा तळव्याने झाकला आणि डाव्याने कल्ला पाहिला.

"शिला हाय. शिकलेली बाय, तरी फसली!"

मला रडूच कोसळलं. तिला वाटलं, मी पैशांसाठी रडतेय.